टँपाची हलकी बचावफळी

कुस्तीत वजनगट असतात, अमेरिकन फुटबॉलमध्ये नाहीत. समोरून 135 किलोचा गडी धावून आला, तर 84 किलोच्या गड्यालाही त्याला अडवावेच लागते. म्हणून एखादा संघ सतत हरू लागला की चाहत्यांची ओरड ठरलेली असते : बचावात दांडगे खेळाडू आणा. फ्लोरिडातल्या टँपा शहरात मात्र 1996 साली याच्या अगदी उलट प्रयोग सुरू झाला.

टँपा बे बकनिअर्स हा संघ पराभवासाठीच ओळखला जायचा. 1976च्या पहिल्या हंगामात त्याने 14 पैकी 14 सामने गमावले आणि पहिला विजय मिळेपर्यंत सलग 26 पराभव पचवले. पुढे 1983 ते 1994 अशी 12 वर्षे एकही हंगाम किमान दहा पराभवांशिवाय गेला नाही.

अशा संघाची सूत्रे प्रशिक्षक म्हणून टोनी डंजी यांनी हाती घेतली. बचावाची जबाबदारी त्यांनी माँटी किफिन यांच्यावर सोपवली. डंजी 1970च्या दशकात पिट्सबर्ग स्टीलर्सकडून खेळले होते आणि नव्या आखणीचे मूळ तिथल्याच बचावात होते. टँपात तिला जे रूप आले, ते पुढे ‘टँपा टू’ म्हणून ओळखले गेले.

ही आखणी अशी. मागे दोन सेफ्टी उभे राहतात आणि मैदानाचा खोलवरचा भाग अर्धा-अर्धा वाटून घेतात. कडेचे कॉर्नरबॅक जवळची जागा राखतात. पुढचे चौघे इतर कुणाची मदत न घेता क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्यावर, तुटून पडतात. उरलेले सात जण चेंडूवर नजर ठेवून आपापली जागा सांभाळतात. यात एक भोक उरते : दोन सेफ्टींच्या मधोमध, खोलवर. ते बुजवायला मधला लाइनबॅकर उलट दिशेने मागे धावतो. हे काम जडशीळ खेळाडूला झेपणारे नाही. पुढच्या फळीलाही जागेवर पाय रोवून समोरच्या गड्यांमधल्या दोन-दोन फटी अडवायच्या नसतात. प्रत्येकाने एकच फट गाठून मुसंडी मारायची. म्हणजे आकार कमी चालेल, पण पहिले पाऊल विजेसारखे पडायला हवे.

या साच्यात माणसे चपखल बसली. डेरिक ब्रुक्स लाइनबॅकरच्या मानाने लहान चणीचा, पण त्याची धाव आणि चेंडूचा अंदाज दोन्ही अफाट. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिसऱ्या फेरीत घेतलेला रॉन्डे बार्बर तर जेमतेम 84 किलोंचा. पुढच्या फळीत मात्र वॉरन सॅपसारखा भारदस्त, तरीही कमालीचा चपळ गडी होता.

यश लगेच आले नाही. 1996च्या पहिल्या नऊ सामन्यांत एकच विजय मिळाला. अशा वेळी आखणी गुंडाळून ठेवण्याचा मोह कुणालाही झाला असता. डंजी ठाम राहिले, हे त्यांचे मोठेपण. शेवटच्या सातांपैकी पाच सामने संघाने जिंकले आणि 1997 साली तो 1982 नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचला. 1999च्या हंगामात 526 गुण करणाऱ्या सेंट लुइस रॅम्सला या बचावाने उपांत्य लढतीत अवघ्या 11 गुणांवर रोखले. टँपाच्या आक्रमणाला मात्र सहाच गुण करता आले. जानेवारी 2002 मध्ये डंजींना काढून टाकण्यात आले. वर्षभरानंतर नवे प्रशिक्षक जॉन ग्रुडन यांच्या हाताखाली त्याच बचावाने ओकलंड रेडर्सचे पाच पास हिसकावले, त्यांतल्या तिनांवर थेट टचडाउन केले आणि 48-21 असा विजय मिळवून सुपर बोल, म्हणजे लीगचे विजेतेपद, टँपाला आणला.

हलक्या बचावाची दुखरी नस 2006 साली उघडी पडली. डंजी तेव्हा इंडियानापोलिस कोल्ट्सकडे होते. जॅक्सनव्हिलने धावांच्या बळावर त्यांच्याविरुद्ध एकाच सामन्यात 375 यार्ड काढले, आणि लहान चणीचे खेळाडू जमिनीवरचा हल्ला रोखू शकत नाहीत, ही टीका पुन्हा उसळली. डंजींनी आखणी मोडली नाही. हंगामाचा बराच काळ दुखापतीने बाहेर राहिलेला सेफ्टी बॉब सँडर्स बाद फेरीसाठी परतला. त्याची उंची होती 5 फूट 8 इंच. पहिल्याच सामन्यात कॅन्सस सिटीला धावून फक्त 44 यार्ड मिळवता आले.

4 फेब्रुवारी 2007 रोजी मायामीत कोल्ट्सनी सुपर बोल 29-17 असा जिंकला; सँडर्सने त्यात एक पासही हिसकावला. समोर शिकागो बेअर्स होते. त्यांचे प्रशिक्षक लव्ही स्मिथ, टँपात डंजींच्या हाताखाली लाइनबॅकर घडवणारे. त्या रात्री दोन्ही संघ टँपाच्याच आखणीने बचाव करत होते.