कर्व्यांचे केंद्र आणि तातडीची गोळी

संततिनियमन हा शब्द उच्चारणेही पाप मानले जाई, त्या काळी, 1921 साली, प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी होत्या. या कार्यापायी 1925 साली विल्सन कॉलेजातील नोकरी गेली. तरी 1927 ते 1953, मरेपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले.

आज साधन चुकले वा जबरदस्ती झाली, तर तातडीची गोळी आहे. 2005 साली ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्याची मुभा मिळाली. गावोगावच्या आशाताईही देतात. 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती स्त्रीबीज सुटणे लांबविते. राहिलेला गर्भ पाडीत नाही. नेहमीचा उपाय मात्र ती नव्हे. पाळी आठवडाभर लांबल्यास तपासून घ्यावे.

कर्व्यांनी नोकरी गमावून जे सांगितले, ते लेकीसुनांना सांगताना आपण का लाजावे?