‘दर्या’, ‘दऱ्या’ आणि बदलता पाया: मराठीच्या मुक्त फॉन्टचा इतिहास

मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो असे सॉफ्टवेअर, क्वचितच स्वतःच्या बळावर उभे असते. ते इतरांनी लिहिलेल्या कोडसंचांवर, म्हणजे लायब्ररींवर, विसंबून असते आणि अशा आधाराला या व्यवसायात ‘डिपेंडन्सी’ म्हणतात. आधार देणारी लायब्ररी अजून घडत असेल आणि पुढच्या आवृत्तीत तिचे वर्तन बदलण्याचा संभव असेल, तर ती डिपेंडन्सी अस्थिर ठरते, आणि तिच्यावर विसंबलेले सॉफ्टवेअर केव्हा व कोणत्या अटींवर प्रसिद्ध करावे हा प्रश्न उभा राहतो. मराठीच्या मुक्त फॉन्टचा पुण्याशी जोडलेला इतिहास हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे, कारण येथे आधार हलला की अक्षरच मोडते.

या प्रश्नाचे स्वरूप पुण्याजवळच्या मावळातील साध्या शब्दांवरूनही स्पष्ट होते. ‘कार्ला’ या नावात र हा पुढच्या अक्षरावरचा रफार होतो, ‘इंद्रायणी’ आणि ‘आंद्रा’ या नद्यांच्या नावांत तो द ला खालून जोडला जातो, तर ‘दऱ्याखोरी’ या शब्दात तो य च्या आधी आडव्या वळणाने उभा राहतो. संगणक यांपैकी एकही आकृती साठवत नाही. तो केवळ वर्णांचा क्रम साठवतो. त्या क्रमातून आकृती घडवण्याचे काम दोघे मिळून करतात: जोडाक्षरांचे नियम बाळगणारा फॉन्ट, आणि ते नियम ठरलेल्या क्रमाने लावणारी ‘शेपिंग इंजिन’ नावाची लायब्ररी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधली खोरी, हा भेद टिकवण्यासाठी युनिकोड या जागतिक वर्णसंकेताने दुसऱ्या शब्दात नुक्ता असलेला ऱ वापरण्याचा नियम केला. मात्र फॉन्ट आणि इंजिन या दोघांनी तो पाळला नाही, तर वाचकापुढे भलतीच आकृती येते.

युनिकोड रूढ होण्याआधीच्या काळात हा गुंता वेगळ्या रूपात होता. 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर उमटवणारे जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेले आणि 1991 मध्ये इस्की हा भारतीय लिप्यांचा संकेत भारतीय मानक म्हणून मान्य झाला. तरीही छपाईच्या धंद्यात पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्री-लिपी’सारखी उत्पादने रूढ झाली, ज्यांत अक्षरांचे तुकडे फॉन्टकर्त्याने ठरवलेल्या स्थानांवर बसवलेले असत. अशा फॉन्टला शेपिंग इंजिनाची गरज नव्हती, परंतु मजकूर त्या एका फॉन्टशी कायमचा बांधला जाई आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांची रांग दिसे.

युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 मध्ये आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988 च्या रूपावर आधारलेली होती. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट व अ‍ॅडोबी यांनी ओपनटाइप हा फॉन्टप्रकार आणला, ज्यामुळे जोडाक्षरांचे नियम फॉन्टमध्येच लिहिणे शक्य झाले. ‘विंडोज 2000’ बरोबर आलेला, र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ हा याच परंपरेतला. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात मात्र एकच इंजिन नव्हते: ग्नोम या डेस्कटॉपच्या ‘पँगो’मध्ये एक, ‘क्यूटी’मध्ये दुसरे, तर ओपनऑफिस वापरत असलेल्या ‘आयसीयू’मध्ये तिसरे होते, आणि एकाच फॉन्टमधील एकच शब्द तिन्हींत सारखा दिसेलच याची हमी नव्हती.

अशा परिस्थितीत 2004 मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ फॉन्टमालिका मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केली. तिच्यातील अक्षरे श्री-लिपी बनवणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकची होती, म्हणजे बंदिस्त संकेतावर वाढलेल्या व्यवसायातूनच खुल्या संकेताच्या फॉन्टला अक्षरे मिळाली. पुढे मायक्रोसॉफ्टने भारतीय लिप्यांसाठी नियम लावण्याची नवी पद्धत आणली. जुन्या पद्धतीत ‘द्र’मधील र साठी फॉन्टच्या नियमात आधी र आणि मग हलन्त असा क्रम अपेक्षित होता, तर नव्या पद्धतीत तो उलटा झाला. दोन पद्धतींची गल्लत होऊ नये म्हणून फॉन्टमधील लिपीची खूणच बदलण्यात आली: जुन्या नियमांसाठी ‘डेव्हा’ आणि नव्यांसाठी ‘डेव्ह-टू’. आधार बदलताना त्याला नवे नाव द्यायचे आणि जुने नावही चालू ठेवायचे, ही युक्ती या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची म्हटली पाहिजे, कारण तिच्यामुळे जुने फॉन्ट एका रात्रीत निकामी झाले नाहीत. बेहदाद एस्फाहबोद यांनी नव्याने लिहिलेले ‘हार्फबझ’ हे मुक्त इंजिनही फॉन्टमधील खूण वाचूनच कोणती पद्धत लावायची ते ठरवते.

हार्फबझचीच पहिली पूर्ण, म्हणजे 1.0 क्रमांकाची, आवृत्ती 2015 मध्ये आली. फायरफॉक्स, पँगो आणि लिनक्सवरील लिबरऑफिस मात्र त्याआधीच त्याच्यावर विसंबले होते. फॉन्टकर्त्यांना आधार स्थिर होईपर्यंत थांबणे परवडणारे नव्हते. त्यांचे उत्तर ‘लोहित-2’ या पुनर्लेखनात दिसते: जोडाक्षरांचे नियम वाचता येतील अशा साध्या मजकूर-फाइलींत नव्याने लिहिले गेले, अक्षराकृतींना अ‍ॅडोबीच्या प्रचलित नामसूचीप्रमाणे नावे दिली गेली आणि हार्फबझ व विंडोजचे ‘युनिस्क्राइब’ या दोन्ही इंजिनांवर फॉन्ट तपासला गेला. कोणत्याही एका इंजिनाच्या चुकीला फॉन्टमध्ये ठिगळ लावण्याऐवजी लिखित नियमाला प्रमाण मानायचे, हा त्यामागचा विचार होता. ठिगळ लावले असते, तर इंजिनातील चूक दुरुस्त होताच फॉन्ट मोडला असता.

आधार केवळ कोडचाच असतो असेही नाही. ‘ॲ’ हे मराठीचे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते 2008 च्या 5.1 आवृत्तीत; त्याआधीचा मजकूर अ आणि चंद्र अशा दोन वर्णांनी लिहिलेला असल्यामुळे एकाच शब्दाची दोन रूपे तयार झाली आणि शोधताना ती जुळेनाशी झाली. परवानाही असाच एक आधार ठरतो: 2011 मध्ये लोहितने जीपीएल हा आधीचा मुक्त परवाना सोडून खास फॉन्टसाठी केलेला ओएफएल परवाना स्वीकारला, ज्याखाली फॉन्ट कोणत्याही सॉफ्टवेअरबरोबर वाटता येतो.

2016 मध्ये आयसीयूने आपले शेपिंग इंजिन काढून टाकले आणि 2017 च्या 5.3 आवृत्तीपासून लिबरऑफिस सर्व प्रणालींवर हार्फबझ वापरू लागले. ज्या फॉन्टनी आयसीयूच्या लकबींशी नव्हे तर लिखित नियमांशी नाते जोडले होते, त्यांना या बदलाची झळ पोहोचण्याचे कारण उरले नाही. अस्थिर आधार टाळता येत नाही. परंतु तो कोणता, त्याची कोणती आवृत्ती तपासली आणि जुन्याला किती काळ सांभाळायचे, हे लिहून ठेवता येते, आणि मुक्त सॉफ्टवेअरची आवृत्ती प्रसिद्ध करणाऱ्याची खरी जबाबदारी तेवढीच आहे.