सिंधुदुर्ग : बंदराची वाट, हायवेची वाट

गणपतीच्या दिवसांत आपल्या सोसायटीत एक फेरी मारली, तर प्रत्येक मजल्यावर एखाददुसऱ्या दाराला कुलूप दिसतं. त्यातली बरीचशी मंडळी सिंधुदुर्गात गेलेली असतात. गावाकडे मात्र नेमकं उलट. तिथल्या घरांना बाकीचं वर्षभर कुलूप असतं. हे असं का झालं, ते मुलं विचारतात, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने थोडं लिहितो.

आमचा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. क्षेत्रफळ सुमारे ५,२०० चौरस किलोमीटर, किनारा सुमारे १२० किलोमीटर, तालुके आठ. त्यांपैकी देवगड, मालवण आणि वेंगुर्ले हे किनाऱ्याचे. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र, मध्ये जांभ्या दगडाचे सडे. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण वाघोटण, गड, कर्ली, तेरेखोल या नद्या आखूड. पाणी बघता बघता समुद्राला मिळतं. भात पिकतो तो सड्यांच्या मधल्या चिंचोळ्या मळ्यांत. म्हणजे जमीन थोडी आणि वाटेकरी फार!

त्यातून उत्तर-दक्षिण जायचं तर वाटेत खाडीमागून खाडी आडवी. पूल नव्हते तेव्हा खरा रस्ता समुद्राचाच होता. म्हणून आमचा इतिहासही पाण्याच्या काठानेच घडला. वाघोटण खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग आहे. मालवणसमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि किल्ल्यातल्या विहिरी मात्र गोड्या. वेंगुर्ल्याला तर त्याआधीच, १६३७ साली, डच लोकांनी वखार घातली होती. पुढे इंग्रजांच्या काळात वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल आंबोलीचा घाट चढून बेळगावला जायचा.

मग वाट बदलली. १८८८ च्या सुमारास गोव्यात मुरगाव बंदरापासून घाटावर रेल्वे झाली आणि घाटमाथ्याचा व्यापार तिकडे वळला. वेंगुर्ल्याची वर्दळ ओसरत गेली. मुंबईत मात्र गिरण्या उभ्या राहत होत्या. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याहून बोटी सुटायच्या. किनाऱ्यावरून होडीने जायचं, मग बोटीवर चढायचं. पावसाळ्यात बोटी बंद. पुरुष गिरणगावात, बायका शेतावर, आणि घर चालायचं मनीऑर्डरीवर. २०११ च्या जनगणनेतसुद्धा जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायकाच जास्त होत्या.

पुढे मुंबई-गोवा रस्ता झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. दोन्ही किनारा सोडून आतून गेली. त्यामुळे कणकवली, कुडळ, सावंतवाडी वाढली. मालवणला, वेंगुर्ल्याला आजही स्टेशन नाही. आणि प्रवास सोपा झाला तरी लोकसंख्या घटलीच. २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली.

हे आकडे माझ्यासाठी कागदावरचे नाहीत. आमच्या घराच्या सातबाऱ्यावर सात नावं आहेत, आणि दर गणपतीत आरती आटोपली की विषय निघतो, ‘विकूया का?’ कुणाचं चुकतं असंही नाही. कौलं परतायला माणूस मिळत नाही, खर्च कोण करणार? पण इतिहास बघितल्यावर मला वाटतं, घाई नको. माणसं आळशी म्हणून गावं ओस पडली नाहीत. वाट हलली, तशी माणसं हलली. वाट पुन्हा हलू शकते. ज्या मालवण-तारकर्लीहून पोरं मुंबईला निघून गेली, तिथेच आज पर्यटक खोल्या शोधत फिरतात.

तेव्हा विकायचं की ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण ठरवण्याआधी मुलांना एकदा नुसतं बीचवर नाही, खाडीवर न्या, जुनं बंदर दाखवा. बोटीने मुंबईला आलेले आजी-आजोबा आपल्या सोसायटीत अजून आहेत. कुठे चढलात, कुठे उतरलात, सोबत काय आणलंत, हे त्यांना विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. ‘येवा, कोकण आपलाच आसा’ हे आपण पाहुण्यांना सांगतो. आता घरच्या पोरांनाही सांगूया.