मंगळावरील कोळीसदृश भूरूपे

मंगळाच्या दक्षिण ध्रुवाभोवती आढळणारी, एका केंद्राकडून चहूकडे फाटे फुटत गेलेल्या चरांची भूरूपे. मोठ्यांचा व्यास एक किलोमीटरपर्यंत भरतो. ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ यानाच्या छायाचित्रांत ती प्रथम दिसली. आर्थर सी. क्लार्क यांना २००१ मध्ये त्यांत वडाच्या झाडांचा भास झाला. आज अधिक मोह पडतो तो त्यांना जुन्या ओढ्यांच्या खुणा मानण्याचा, पण पुरावा वेगळे सांगतो. वाहते पाणी उताराकडे जाते आणि खाली जाताना त्याचे पात्र रुंदावते. इथले काही चर मात्र चढावर जाताना रुंद होतात. दाबाखालच्या वायूला चढ-उताराची पर्वा नसते, आणि हा वायू कोणता हे ऋतुचक्रावरून कळते. हिवाळ्यात वातावरणातील कार्बन डायऑक्साइड गोठून ध्रुवप्रदेशावर बर्फाचा थर साचतो. ह्यू कीफर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार वसंतात ऊन या पारदर्शक थरातून आरपार जाऊन खालची जमीन तापवते. बर्फ तळातून वायुरूप होतो, दाब वाढतो आणि थर तडकला की त्या फटीकडे धावणारा वायू माती खरवडत नेतो. फवाऱ्यासोबत उडालेली धूळ वाऱ्याच्या दिशेने पंख्यासारखी पसरते. हे गडद डाग कोरड्या जमिनीचे असते तर उष्ण असते. ‘मार्स ओडिसी’च्या औष्णिक मापनांत मात्र ते कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाइतकेच थंड आढळले, म्हणजे धूळ बर्फाच्या वर पडलेली आहे.

यावर सर्वांत सबळ आक्षेप असा की फवारा उडताना कोणीच पाहिलेला नाही. तो खरा आहे. परंतु छायाचित्रे घेणारे ‘मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ एखाद्या ठिकाणावरून क्षणभरच जाते, आणि त्याच्या दोन फेऱ्यांमध्ये नवे पंखे उमटलेले दिसतात. ही भूरूपे प्राचीन असून आता निष्क्रिय आहेत, हा दुसरा आक्षेप तर २०१६ च्या सुमारास निकालात निघाला: एकाच जागेच्या लागोपाठच्या छायाचित्रांत वाळूच्या टेकड्यांजवळ नवे चर उगवून फाटे फोडताना आढळले. त्या वाढीच्या वेगाने पूर्ण कोळी घडायला हजाराहून अधिक मंगळवर्षे लागतील. २०२४ मध्ये अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत मंगळासारख्या थंडीत व कमी दाबात मातीच्या नमुन्यावर कार्बन डायऑक्साइड गोठवून तापवला, तेव्हा वायूचे फवारे उडाले आणि भेगा पडल्या. तेव्हा या चरांवरून मंगळावर पाणी वाहिल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.