बोल प्रोसेसर

तबल्याचे बोल अक्षरांत टिपून घेणारी, कायद्याच्या (विस्तार करता येणाऱ्या मूळ रचनेच्या) विस्तारामागचे नियम साठवणारी आणि त्या नियमांवरून नवे पलटे (कायद्याची बदलती रूपे) रचणारी संगणकप्रणाली. फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी तिची आखणी केली. ब्रिटिश संगीतसंशोधक जेम्स किपन यांनी ती बेल यांच्यासह विकसित केली.

पार्श्वभूमी : ॲपल-२ (१९७७) आणि कमोडोर ६४ (१९८२) या संगणकांमुळे घरबसल्या संगीतरचना करणे शक्य झाले. विल हार्वे यांचा ‘म्युझिक कन्स्ट्रक्शन सेट’ ही त्या काळची गाजलेली संगणकप्रणाली. त्यात पाच रेघांवर स्वरचिन्हे मांडली की संगणक ती वाजवून दाखवी. या पद्धतीत रचना आधी पूर्ण लिहिलेली असते. तबल्याची विद्या मात्र मुखाने दिली जाते. गुरू बोल म्हणतो, शिष्य ते पाठ करतो आणि मग हात चालवतो. शिवाय कायद्याचे पलटे मैफलीत तिथल्या तिथे सुचतात, त्यामुळे पाश्चात्त्य स्वरलिपीवर बेतलेली साधने येथे अपुरी पडत.

किपन लखनौ घराण्याचे खलिफा (प्रमुख) उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. योग्य पलटा कोणता आणि अयोग्य कोणता हे जाणकार वादक क्षणात सांगतो, पण त्यामागचा नियम त्याला शब्दांत सांगता येतोच असे नाही. हा अव्यक्त नियम शोधणे हे बोल प्रोसेसरचे उद्दिष्ट होते.

रचना व कार्यपद्धती : पहिली आवृत्ती (बीपी-१) कामाच्या जागेसह ६४ किलोबाइट स्मृतीत मावे. आजच्या मोबाइलमधील एका छायाचित्रालाही याहून कितीतरी अधिक जागा लागते. सहज उचलून नेता येणाऱ्या ॲपल-२सी संगणकावर ती चालत असल्याने उस्तादांसमोर बसूनच काम करता येई.

कायद्याची बांधणी व्याकरणासारख्या नियमांत लिहिली जाई. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी भाषेसाठी मांडलेल्या आकारिक व्याकरणाचा येथे तालासाठी विस्तार केलेला आहे. कायद्यात भरीचा भाग खालीत पुन्हा येतो, पण तेथे बायाचा घुमारा नसतो आणि ‘धा’च्या जागी ‘ता’ येतो. ही रूपांतरित पुनरावृत्ती दाखवण्यासाठी प्रणालीत स्वतंत्र चिन्हे आहेत. प्रत्येक नियमाला कमीअधिक भार देता येतो, त्यामुळे घराण्यात रूढ असलेली वळणे अधिक वेळा येतात.

काम दोन्ही दिशांनी चाले. संगणक पलटे रचून मजकुराच्या रूपात देई आणि उस्ताद ते स्वीकारत किंवा नाकारत. उलट वादकाने सांगितलेला पलटा सध्याच्या व्याकरणात बसतो का, हेही संगणक तपासे. उत्तर चुकले की नियम सुधारले जात. या संवादात परीक्षकाचे आसन कायम उस्तादांकडे राहिले, आणि या पद्धतीचे सर्वांत मोठे मोल यातच आहे. पुढे उदाहरणांवरून व्याकरण आपोआप शोधणारी ‘कवाइद’ ही जोडप्रणाली प्रोलॉग भाषेत लिहिली गेली.

पुढील आवृत्त्या व महाराष्ट्राशी संबंध : मॅकिंटॉशसाठीच्या बीपी-२ मध्ये मिडी पद्धतीने संगणकाला जोडता येणाऱ्या वाद्यांची सोय आली. तबल्यापुरती असलेली प्रणाली आता सर्व प्रकारच्या रचनांसाठी खुली झाली आणि ‘सा रे ग म’ या नावांनीही स्वर लिहिता येऊ लागले. १९९४ मध्ये नृत्यरचनाकार आंद्रेइन बेल यांच्या ‘क्रोनोस’ या नृत्यप्रयोगात बीपी-२ वर रचलेले संगीत वापरले गेले. मुंबईतील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात (एनसीपीए) हा प्रयोग झाला. बर्नार्ड बेल यांनी पुण्यात संशोधक गी प्वातवँ व हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहासाठीही काम केले. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह मराठी मौखिक परंपरेचा मोठा ठेवा आहे. आजची बीपी-३ ही आवृत्ती मुक्त स्रोत स्वरूपात विनामूल्य मिळते. तिच्यात श्रुतींच्या सूक्ष्म अंतरांवरही प्रयोग करता येतात.

महत्त्व : घरगुती संगणकांच्या पहिल्या पिढीतील बहुतेक संगीतप्रणालींनी लिहिलेले वाजवले. बोल प्रोसेसरने न लिहिलेल्या विद्येचा विचार कसा चालतो, हे शोधले. ही पद्धत तबल्यापुरती मर्यादित नाही. पूर्व विदर्भातील आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी या झाडीपट्टीच्या भागात खडी गंमत या लोकनाट्यातील ढोलकीही ऐकून आणि पाहूनच शिकली जाते. तिचे बोल आणि ते फिरवण्याची रीत जाणत्या वादकांसमोर बसून, त्यांचाच निवाडा प्रमाण मानून नोंदवली जायला हवी. हे काम जाणते वादक हयात असतानाच व्हावे.