घोडा घ्यायचा म्हणताय? माळेगावला जाण्याआधी हा हिशेब वाचा

सोयाबीनचे पैसे हातात येतात न येतात तोच माळेगावची यात्रा तोंडावर येते. लोहा तालुक्यातल्या माळेगावात मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते आणि माळावर लाल कंधारी, देवणी जनावरांसोबत घोडे, गाढवं, उंटही उतरतात. सोबत गेलेलं पोरगं मोबाईलवर चार व्हिडिओ काढतं आणि घरी आल्यावर घोड्याचा हट्ट धरतं. नांदेड, लातूरकडं गेल्या काही वर्षांत हे बरंच वाढलंय. नांदेडला हौस नवी नाही. गुरुद्वाऱ्याचे घोडे दसऱ्याला आणि होळीनंतर हल्लाबोल मिरवणुकीत दरवर्षी दिसतातच. 2021 च्या मार्चमध्ये तर मोटरसायकलचा त्रास होतो म्हणून घोड्यावर येतो, तो कार्यालयाच्या आवारात बांधू द्या, असं नांदेडच्या एका सरकारी कर्मचाऱ्याचं पत्र सगळ्यांच्या मोबाईलवर फिरलं. लोक हसले. पण बांधायला जागा कुठं, हा त्याचा प्रश्न बरोबर होता.

घोड्याची किंमत एकदाच द्यायची असते, दावणीचा खर्च मात्र रोजचा. मध्यम बांध्याचा घोडा साधारण 350 किलोचा धरा. त्याला रोज वजनाच्या 2 टक्के, म्हणजे 7 किलो कोरडा आहार लागतो. त्यातला दीड किलो खुराक धरला तर उरलेला साडेपाच किलो कडबा किंवा वाळलं गवत. वर्षाची वैरण झाली 20 क्विंटल. आपल्याकडं ज्वारी मोडून सोयाबीन झाल्यापासून कडबा घरचा राहिला नाही, त्यामुळं तुमच्या गावचा शेकड्याचा भाव आणि पेंढीचं वजन घालून आकडा काढा. खुराकाचं गणित सोपं आहे. 2025-26 च्या रब्बी पणन हंगामासाठी हरभऱ्याचा हमीभाव 5,650 रुपये क्विंटल होता. दीड किलोचे रोजचे 85 रुपये, महिन्याचे अडीच हजार, वर्षाचे 31 हजार. निम्म्या जागी गव्हाचा कोंडा घातला तर खर्च उतरतो. दुकानातून विकत घेताना भाव याच्या वर असतो हे धरून चाला.

बैल खातो ते घोडा खाईल, असं समजू नका. बैल रवंथ करतो, घोडा करत नाही. त्याचं पोट लहान असतं आणि खाल्लेलं त्याला ओकून टाकता येत नाही. म्हणून बुरशी लागलेला कडबा किंवा एकदम घातलेला भरपूर दाणा थेट जिवावर येतो. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं घालावं लागतं, कडब्याची कुट्टी करून. रोज हिरवी ज्वारी चारली तर मूत्राशय आणि मागचे पाय अधू होऊ शकतात. गाई-म्हशींचं गोळी खाद्य घोड्याला टाकूच नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते जनावराला चालतं पण घोड्याला मारतं.

पाणी रोज 30 ते 40 लिटर, उन्हाळ्यात जास्तच. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं, हे विसरून चालणार नाही. मे महिन्यात बोअर आटल्यावर घोड्याचं काय, हे घ्यायच्या आधीच ठरवा.

आता माझी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मीबी एका बाजारातून घोडी घेतली. पंचकल्याण होती, चारी पाय पांढरे, कपाळावर पट्टा, भोवरे शुभ. आमच्या अप्पांनी नको म्हणलं होतं. बाजारात डौलात चालली, आखाड्यावर आल्यावर पाचव्या दिवशी लंगडायला लागली. दुखणं थांबवायचं इंजेक्शन देऊन उभी केली होती, असं डॉक्टर म्हणले. विकणाऱ्याचा फोन बंद. अकरा महिन्यांत निम्म्या पैशाला गेली. भोवरे बघण्यात मी तास घालवला होता, खूर एकदाबी उचलून बघितला नव्हता.

तर आधी पाय बघा. कडक जमिनीवर दुडक्या चालीनं चालवून घ्या, चारी खूर उचलून बघा. दोन्ही डोळ्यांसमोर हात हलवा. वय दातावरून कळतं. पुढचे कायमचे दात अडीच, साडेतीन, साडेचार वर्षांला जोडीनं येतात, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. नवख्यानं शिंगरू घेऊ नये, आठ-दहा वर्षांचं शांत, सवयीचं जनावर बरं. वळू घोडा तर नकोच. शक्य असेल तर स्वतःचा पशुवैद्यक सोबत न्या. गाडीत घालून आणायला 1978 च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणे पशुवैद्यकाचा दाखला लागतो, तो तिथंच घ्या.

नाल हा दुसरा अडचणीचा विषय. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून नाल मारावे लागतात. बैलाला पत्री ठोकणारा गडी इथं चालत नाही. बैल पाडून पत्री मारतात, घोड्याचा पाय उभ्यानं धरावा लागतो आणि खिळा अर्ध्या बोटानं चुकला तरी तो लंगडतो. तुमच्या तालुक्यात घोड्याचा नालबंद आहे का, हे आधी विचारा. खोगीर, तंग, रिकीब, लगाम, मोहरकी, खरारा यांचा खर्च वेगळा.

रोगात ग्लँडर्सचं नाव लक्षात ठेवा. नाकातून घट्ट चिकट स्राव, अंगावर, पायावर गाठी फुटून जखमा, ही लक्षणं. हा माणसालाही होतो. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. रोग पक्का निघाला तर उपचार नाही, जनावराला कायद्यानं दयामरण द्यावं लागतं. लपवून विकलं तर दुसऱ्याच्या घरात मरण पाठवल्यासारखं आहे. माश्यांमुळं होणारा सर्रा आणि खिळा लागून होणारा धनुर्वात हेही घोड्याला लवकर धरतात. धनुर्वाताची लस असते, ती चुकवू नका. घोडा पाय आपटतो, पोटाकडं वळून बघतो, लोळतो, लीद टाकत नाही, तर तो पोटशूळ आहे. घरगुती काढे करत सकाळची वाट बघू नका. 1962 वर फोन करा. पुढच्या उपचाराला लातूर जिल्ह्यात उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

"परण्याला, वरातीला लावू, खर्च निघेल," असं बरेच जण म्हणतात. लग्नतिथी वर्षात मोजक्याच, खाणं मात्र बाराही महिने. आणि डीजे, फटाक्यात न बुजणारा घोडा तयार करायला जाणत्या माणसाची वर्षं जातात. बुजला तर नवरदेव खाली आणि पोरंसोरं टापाखाली.

घोडा 25 वर्षंबी जगतो. रोज तासभर फिरवणं, खरारा, लीद काढणं, हे तुमच्या गावाला जाण्याच्या दिवशीही कुणीतरी केलंच पाहिजे. सालगड्याच्या भरवशावर ठेवलेले दोन घोडे मी बांधल्या जागी सुजलेले बघितलेत. घरात खरंच हौस असेल तर पोराला आधी एक लग्नसराई ओळखीच्या घोडेवाल्याकडं पाठवा, पहाटे पाचला लीद काढायला. यात्रा पुढच्या वर्षीही भरणार आहे.