पडद्यामागची हाक

लंडनमधल्या नाटकाचा पडदा संध्याकाळी साडेसातला उघडणार असेल, तर रंगपटात ‘अर्धा तास’ ही हाक सहा पंचावन्नला पडते. ‘पाव तास’ सात दहाला, ‘पाच मिनिटं’ सात वीसला आणि शेवटची ‘बिगिनर्स’, म्हणजे पहिल्या प्रवेशातल्या नटांनी जागेवर यावं ही हाक, सात पंचवीसला. सगळा हिशेब या शेवटच्या हाकेपासून मागे मोजलेला असतो, त्यामुळे प्रत्येक वेळेत पाच मिनिटं जादा दिसतात. त्या पाच मिनिटांत नट जिने उतरून येतो, विंगेत उभा राहतो, श्वास सावरतो.

आज ही हाक स्टेज मॅनेजर रंगमंचाच्या कडेला बसून मायक्रोफोनमध्ये देतो. रंगपटातल्या भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून ती ऐकू येते. मधे असतो एक मिक्सर, एक-दोन अँप्लिफायर आणि इमारतभर फिरलेली तार. प्रेक्षकांना ही यंत्रणा दिसत नाही, आणि ती त्यांना ऐकू आली तर काहीतरी चुकलं असं समजायचं. पडद्यामागे कोपऱ्या-कोपऱ्यात पोचायचं आणि पडद्यापुढे अजिबात जायचं नाही, ही अट यंत्रांच्या कितीतरी आधीची आहे. हाक देण्याची सगळी रीत तिनेच घडवली.

यंत्राआधी हे काम एका पोरसवदा माणसाकडे असे. इंग्रजी नाटकघरात त्याला कॉल-बॉय म्हणत. प्रॉम्प्टरच्या संहितेत प्रत्येक एन्ट्रीच्या काही ओळी आधी समासात नटांची नावं किंवा आकडे लिहिलेले असत. ती खूण आली की प्रॉम्प्टर पोराला पिटाळी आणि पोरगं ग्रीनरूमच्या दारात जाऊन नाव पुकारी. पुढे नटांच्या खोल्या वरच्या मजल्यांवर गेल्या आणि त्याचे जिने वाढले. शेक्सपिअरने नाटकघरात पहिली नोकरी हीच केली, अशी रंगभूमीवरची एक आख्यायिका अठराव्या शतकातले अभ्यासक एडमंड मलोन यांनी नोंदवली आहे. तिला पुरावा नाही. पण नाटकवाल्यांनी ती का जपली असेल हे समजतं: कोणत्या वाक्याला कोण कुठे हवं, हे रोज पायांनी शिकणारं माणूस त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात गॅसचे दिवे आले आणि हाकेला नळी मिळाली. प्रॉम्प्टरच्या कोपऱ्यातून बोलण्याच्या नळ्या गॅसवाल्याकडे, वर दोर ओढणाऱ्यांकडे आणि वाद्यवृंदाकडे जात. तोंड लावून बोलायचं, कान लावून ऐकायचं. एका नळीला एकच माणूस.

१८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचाच्या पुढच्या कडेला टेलिफोनचे ट्रान्समीटर मांडले. तारा गटारांच्या भुयारांतून प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत नेल्या आणि तिथे लोकांनी दोन्ही कानांना रिसीव्हर लावून चालू ऑपेरा ऐकला. रंगमंचावरचा आवाज तारेने दुसऱ्या खोलीत जाऊ शकतो, हे त्या दिवसांत लोकांनी अनुभवलं. पुढे हा ‘तेआत्रोफोन’ वर्गणीदारांच्या घरीही गेला. पण तो आवाज कानाला लावूनच ऐकावा लागे. खोलीभर ऐकू जाईल इतका तो मोठा करणारं काहीच तेव्हा नव्हतं.

त्या उणिवेची आठवण व्हावी अशी एक दुपार शिकागोत आली. ३० डिसेंबर १९०३ रोजी इरोक्वॉय थिएटरमध्ये ‘मिस्टर ब्लूबिअर्ड’चा खेळ चालू असताना आर्क दिव्याच्या ठिणगीने कापडी पडद्याने पेट घेतला. नाटकघर उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते. आगीची सूचना देणारी पेटी नव्हती, टेलिफोनही नव्हता. विनोदी नट एडी फॉय रंगमंचाच्या पुढे येऊन लोकांना शांत राहायला सांगत राहिला, वाद्यवृंदाला वाजवत राहायला सांगत राहिला. एका माणसाचा उघडा आवाज, समोर खच्चून भरलेलं घर. ६०० हून अधिक माणसं गेली. ती प्रामुख्याने बंद आणि झाकलेल्या दारांमुळे गेली, हे खरं. नुसत्या लाऊडस्पीकरने ती दारं उघडली नसती. तरीही आज नाटकघरातल्या उद्घोषणा यंत्रणेकडे सुरक्षेची यंत्रणा म्हणून पाहिलं जातं, त्यामागे असेच दिवस आहेत.

आवाज मोठा करणारी वस्तू तीन वर्षांनी, १९०६ मध्ये, ली डी फॉरेस्ट यांच्या हातून घडली: तीन अग्रांची व्हॅक्यूम ट्यूब. तिचा अँप्लिफायर म्हणून नीट उपयोग व्हायला आणखी काही वर्षं गेली. १९१५ मध्ये पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर जमावाला लाऊडस्पीकर ऐकवला. १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन सॅन दिएगोच्या स्टेडियममध्ये काचेच्या खोलीत उभे राहून सुमारे ५० हजार लोकांशी जेन्सन-प्रिडहॅम यांच्याच यंत्रातून बोलले. १९२६ मध्ये लंडनमध्ये गाय फाउंटन यांनी सुरू केलेली टॅनॉय कंपनी दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून आणि कारखान्यांतून इतकी पसरली की तिकडचे नट आजही रंगपटातल्या स्पीकरला, तो कुणीही बनवलेला असो, टॅनॉयच म्हणतात. आपल्याकडे नानिक मोटवानी यांच्या शिकागो रेडिओ या कंपनीचे माइक काँग्रेसच्या अधिवेशनांत दिसू लागले, आणि पुढे अहुजाचे अँप्लिफायर लग्नमंडपापासून नाट्यगृहापर्यंत सगळीकडे पोचले.

पण मैदानातली सभा आणि नाटकघराची मागची बाजू यांत फार अंतर आहे. मैदानात एक मोठा आवाज लागतो. रंगपटांना वीस-पंचवीस छोटे आवाज लागतात, एकमेकांपासून दूर, बंद दारांआड. आठ ओहमचे दहा स्पीकर समांतर जोडले तर अँप्लिफायरपुढे ०.८ ओहम उरतात, आणि तो तापून बसतो. तोडगा वीजमंडळाच्या तारांत आधीच सापडलेला होता: दाब वाढवा, प्रवाह कमी होतो. ६० वॉट आठ ओहमवर पाठवायचे तर सुमारे २२ व्होल्ट आणि पावणेतीन अँपिअर लागतात; तेच १०० व्होल्टवर पाठवले तर ०.६ अँपिअर पुरतात. त्याच तारेत वाया जाणारी शक्ती वीसपटीहून अधिक घटते. बारीक तार चालते आणि प्रत्येक स्पीकरच्या पाठीवरचा चिमुकला ट्रान्सफॉर्मर दाब पुन्हा खाली आणतो. अमेरिकेत याचा आकडा ७०.७ व्होल्ट ठरला, कारण तिथल्या नियमांत १०० व्होल्टच्या शिखरापाशी रेघ ओढलेली होती आणि ७०.७ व्होल्टच्या लहरीचं शिखर बरोबर तिथे पोचतं. ब्रिटन आणि भारत १०० वर राहिले. आपल्याकडच्या साध्या पी.ए. अँप्लिफायरची पाठ पाहिली तर स्क्रूंच्या एकाच पट्टीवर ४, ८, १६ ओहम आणि शेजारी ७० व १०० व्होल्ट असे शिक्के दिसतात. सभेचा भोंगा आणि रंगपटाची तार अशी एकाच पट्टीवर शेजारी येतात.

या तारेने अँप्लिफायरची निवड म्हणजे साधी बेरीज करून टाकली. सहा रंगपट, प्रत्येकी तीन वॉट: अठरा. बोळांतले चार स्पीकर, प्रत्येकी सहा: चोवीस. एकूण बेचाळीस. वर पाव हिस्सा मोकळा ठेवायचा, म्हणजे ६० वॉटचा अँप्लिफायर पुरतो. बाहेरच्या दालनात सहा वॉटचे सहा स्पीकर असतील तर छत्तीस वॉट, तिथेही ६०. इथे १२० वॉटचा एकच मोठा घेण्याचा मोह होतो, आणि तो आवरावा. दालनात ‘मध्यंतर संपत आहे’ हे सांगताना रंगपटाला त्रास नको, आणि एक बंद पडला तर निदान दुसरी बाजू बोलती राहावी.

मिक्सरची गोष्ट अधिक नाजूक आहे. रंगपटातला स्पीकर बहुतेक वेळ हाक देत नसतो. तो नाटक ऐकवत असतो. सभागृहात टांगलेल्या माइकवरून चालू प्रयोग आत येतो आणि दाढी चिकटवणाऱ्या नटाला कळतं की आज हशा लांबतोय, समोरचा घाईत आहे, आपली एन्ट्री जवळ आली. कॉल-बॉयला हे देता आलं नव्हतं. म्हणजे मिक्सरला किमान दोन आवाज लागतात, आणि त्यांत मान ठरलेला लागतो: स्टेज मॅनेजरने बटण दाबलं की नाटकाचा आवाज आपोआप दबला पाहिजे, सोडलं की परत आला पाहिजे. बटण स्प्रिंगचंच हवं. चालू राहिलेला माइक पडद्यामागचं खाजगी बोलणं सगळ्या खोल्यांत नेतो. नट आपल्या खोलीतला आवाज कमी करून ठेवतात, तेव्हा त्या खुंटीला वळसा घालून हाक पूर्ण आवाजात पोचवणारी वेगळी तार आणि रिले लागतो. आगीच्या सूचनेलाही तोच उपयोगी पडतो.

गाण्यांसाठी बनवलेला सोळा चॅनेलचा मिक्सर या कामाला घेऊ नये. त्याच्या सरकत्या पट्ट्या कुणाच्याही हाताने हलतात. इथे चार इनपुटचा, एकदा लावून कुलपात ठेवायचा मिक्सर बरा. त्यात खालचे सूर छाटायची सोय हवी, कारण त्यांनी लाइनचे छोटे ट्रान्सफॉर्मर गुदमरतात आणि शब्द बोजड होतात. दिव्यांच्या डिमरची घरघर माइकच्या तारेत शिरते, म्हणून ती तार दिव्यांच्या तारांपासून लांब आणि बॅलन्स्ड असावी. आणि प्रयोगाचा मुख्य ध्वनिमंच बंद असला तरी ही यंत्रणा आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे.

मराठी रंगभूमीने हाकेचं बरंचसं काम घंटेवर सोपवलं. पहिली, दुसरी, तिसरी. फ्रेंच नाटकघरात पडद्याआधी काठीने तीन ठोके देत. आपल्या तीन घंटांचं वैशिष्ट्य असं की त्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकदमच बोलतात. चहाचा पेला ठेवून प्रेक्षक आत वळतो त्याच ठोक्याला नट नांदीसाठी उभे राहतात. पण घंटेला नाव घेता येत नाही, आणि तिसऱ्या अंकातल्या नटाला प्रयोग कुठवर आला ते सांगता येत नाही. शिवाय मराठी नाटक रोज नव्या गावी, नव्या नाट्यगृहात उतरतं. तिथे स्पीकर चालू आहे की नाही याचा भरवसा नसतो, म्हणून बॅकस्टेजचा माणूस दारं ठोठावत फिरतो. कॉल-बॉयचं काम आपल्याकडे असं टिकून आहे.

मुंबईच्या एन.सी.पी.ए.मधलं टाटा थिएटर १९८० मध्ये उघडलं. वास्तुकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी ते माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जावा म्हणून घडवलं. अशा घरात मागच्या यंत्रणेची कसोटी उलट वाढते: जी भिंत गायकाचा श्वास पोचवते ती विंगेतल्या स्पीकरची कुजबुजही पोचवते. तिथे जास्त वॉटचा नव्हे, कमी आवाजात स्पष्ट बोलणारा स्पीकर शोधावा लागतो.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी बांधलं. १९१५ मध्ये ते पॅलेस थिएटर म्हणून उघडलं, आणि ज्यांचं नाव पुढे त्याला मिळालं त्या केशवरावांनी १९२१ मध्ये बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ केलं, अर्थातच माइकविना. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत भस्मसात झालं. सुदैवाने आत प्रेक्षक नव्हते. अशा वास्तू पुन्हा उभ्या राहतात तेव्हा छत, खुर्च्या आणि पडदा यांवर चर्चा होते. रंगपटांच्या तारेचा विषय शेवटी, गिलावा वाळल्यावर निघतो आणि मग प्लास्टिकच्या पट्ट्या भिंतीवर ठोकल्या जातात. तो विषय पायाभरणीच्या नकाशातच यायला हवा: रंगपट, दालन आणि तंत्रज्ञांची जागा यांना तीन स्वतंत्र नळ्या, आगीला तोंड देणारी केबल, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, आणि स्टेज मॅनेजरच्या हाताशी एक स्प्रिंगचं बटण.